दामाजीपंतांची पावती

पंढरीच्या वारकऱ्याला मंगळवेढे हे गाव सांगावे लागत नाही. त्या गावच्या अंमलदाराची गोष्ट आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. कोणी आजीच्या तोंडून, कोणी कीर्तनात, आणि बहुधा प्रत्येकाने डोळे पुसत. दुष्काळ पडला होता. बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारे मंगळवेढ्यास तुडुंब भरलेली होती आणि ती दामाजीपंतांच्या ताब्यात होती. पंढरपुराहून आलेला एक भुकेला ब्राह्मण त्यांच्या पंक्तीस बसला, आणि पुढे वाढलेले अन्न पाहून घरच्या उपाशी मुलाबाळांच्या आठवणीने रडू लागला. त्या रडण्याने पंतांचे मन हलले. एका घराला धान्य गेले, मग एका आळीला, मग साऱ्या पंढरपुराला. कोठारे रिकामी झाली. कचेरीतल्याच एका दुय्यम अधिकाऱ्याने ही हकीकत बिदरला कळविली, पंतांना धरून आणण्याचा हुकूम सुटला, आणि ते वाटेत असतानाच एक विठू महार बादशहाच्या दरबारात जाऊन उभा राहिला. त्याने धान्याची सारी किंमत मोजून दिली आणि पावती घेतली. ती पावती पुढे पंतांना त्यांच्या पोथीत सापडली.

कीर्तनकार येथे विठ्ठलनामाचा गजर करतात, आणि तो उचितच आहे. परंतु ज्याचे आयुष्य सरकारी कागदांत चालले आहे अशा मनुष्याने ही कथा पुन्हा एकदा, थोड्या कोरड्या नजरेने वाचावी. दामाजीपंतांनी दिले ते धान्य त्यांचे नव्हते. ते त्यांच्या हवाली केलेले होते, आणि वाटण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला नव्हता. आजच्या भाषेत ह्याला अपहार म्हणतात. ज्या दुय्यमाने वर कळविले त्याला आपण चुगलखोर म्हणतो. पण त्याने न कळविले असते तर तोही दोषी ठरला असता. बादशहानेही काही क्रूरपणा केला असे नाही. त्याने हिशेब मागितला. आणि सर्वांत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, प्रत्यक्ष परमेश्वराने देखील ‘ह्या भल्या माणसाला क्षमा करा’ असे बादशहाला म्हटले नाही. तो रोख रक्कम घेऊन गेला, ती भरली आणि शिक्क्याची पावती घेऊन आला. दयेपोटी झालेला खर्च राज्याने आपल्या खाती लिहून घ्यावा, ही कल्पना त्या कथेला सुचलीच नाही. देवाचा अवतार होणे तिला शक्य वाटले. खजिन्याने रक्कम माफ करणे शक्य वाटले नाही.

ही कथा इतिहास म्हणून मी मांडत नाही. दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणतात तो परंपरेने १३९६ पासून पुढील बारा वर्षांचा मानला जातो. आणि बहामनी सुलतानांची राजधानी तेव्हा गुलबर्ग्यास होती, ती बिदरला गेली पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. म्हणजे दुष्काळ तरी निराळा, नाहीतर दरबार तरी निराळा. म्हणूनच कित्येक अभ्यासक दामाजीपंतांचा काळ १४६० च्या आसपास धरतात. महिपतीने ‘भक्तविजय’ लिहिला तो १७६२ साली, म्हणजे तीनशे वर्षांनंतर. तेव्हा घडले काय ह्याचा हा पुरावा नव्हे. पण लोकांना काय घडण्याजोगे वाटत होते, ह्याचा तो उत्तम पुरावा आहे.

आणखी एक गोष्ट ह्या कथेत आहे, तिच्याकडे आपण पुरेसे पाहात नाही. देवाने रूप घेतले ते महाराचे. गावचा वसूल सरकारी खजिन्यापर्यंत पोहोचवणे हे महाराच्या वतनी कामांपैकी एक होते, त्यामुळे त्याच्या हातून रक्कम येण्यात दरबाराला नवल वाटण्याचे कारण नव्हते. म्हणजे देव आला तो राज्ययंत्राच्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या चाकराच्या वेषात. ह्याच मंगळवेढ्यात १३३८ साली तटाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली कामावरच्या महारांबरोबर चोखोबा गाडले गेले. त्यांच्या अस्थी पंढरपुरास आल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. ज्या सरकारचा तट बांधताना ही माणसे मेली, त्याच्या कोणत्याही दप्तरात त्यांची नोंद आपल्याला आढळत नाही. अंमलदाराच्या दयेची कथा झाली. चाकराच्या मरणाची आठवण संतांनी ठेवली म्हणून राहिली.

चाकराने आपल्या नेमून दिलेल्या कामाबाहेर जाऊन कोणावर उपकार केला, तर धन्याने त्याची दखल कशी घ्यावी, हा प्रश्न राज्यसंस्थेइतकाच जुना आहे. ह्या प्रश्नाला एक उत्तर सम्राट अशोकाने दिले, आणि ते विलक्षण आहे. त्याने दया कामाबाहेर ठेवलीच नाही. भुवनेश्वरजवळ धौलीच्या खडकावर तोसलीच्या न्यायाधिकाऱ्यांना उद्देशून त्याने जो लेख कोरविला, त्यात तो सांगतो की एखादा मनुष्य विनाकारण बंधनात पडतो, त्याच्यामुळे इतर अनेकांना दुःख होते, आणि हे होऊ न देणे हे तुमचे काम आहे. हे काम कशामुळे बिघडते ह्याची त्याने यादीच दिली आहे: मत्सर, संताप, निष्ठुरता, घाई, आळस, थकवा. कोणत्याही कचेरीत दुपारी चारच्या सुमारास डोकावणाऱ्याला ही यादी ओळखीची वाटेल. लेख ठरावीक दिवशी वाचून दाखवावा, आणि दर पाच वर्षांनी एका मृदू स्वभावाच्या अधिकाऱ्याला तपासणीस पाठविले जाईल, असेही त्याने लिहिले आहे. बक्षीस म्हणाल, तर स्वर्ग मिळेल आणि राजाचे ऋण फिटेल. दयेची पंचवार्षिक तपासणी करणारा असा राजा पुढे फारसा झाला नाही.

पुढच्या काळातील राज्यांनी साधारणपणे उलट मार्ग धरला. काम नेमून द्यावे, त्यापलीकडचे चाकराच्या मर्जीवर सोडावे, आणि आवडले तर शिरपाव, नावडले तर बोलावणे. ह्या पद्धतीचा परिणाम पाहावयाचा असेल तर सर रिचर्ड टेंपल ह्यांचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्राच्या इतिहासाशी त्यांचा संबंध फार निकटचा आणि फारसा सुखद नसलेला आहे.

१८७३ च्या अखेरीस बिहारात पीक बुडाले. दुष्काळनिवारणाचे काम टेंपल ह्यांच्याकडे आले. त्यांनी ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणविला, गावोगावी पोहोचविला, आणि मागेल त्याला काम किंवा धान्य दिले. आश्चर्य असे की त्या दुष्काळात भुकेने माणसे जवळजवळ मेली नाहीत. कंपनी सरकारच्या आरंभापासून अशी गोष्ट क्वचितच घडली होती. पण संकट टळल्यावर चर्चा झाली ती वाचलेल्या जीवांची नव्हे, शिल्लक राहिलेल्या तांदळाची. एवढा पैसा उधळण्याची गरज काय होती, असे इंग्लंडातले अर्थपंडित आणि हिंदुस्थानातले अधिकारी विचारू लागले. १८७६ साली टेंपल ह्यांना बॅरोनेट ही पदवी मिळाली हे खरे. परंतु उधळ्या म्हणून जो शिक्का बसला तो पदवीने पुसला गेला नाही.

तीनच वर्षांनी दक्षिणेत त्याहून भयंकर दुष्काळ आला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन ह्यांनी टेंपल ह्यांनाच मद्रास आणि मुंबई इलाख्यांत पाठविले, खर्चाला आळा घालण्यासाठी. ह्या वेळी हा गृहस्थ निराळाच होता. खडी फोडणाऱ्या मजुराला दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत, असे त्यांनी ठरविले. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश ह्यांनी आकडे मांडून दाखविले की एवढ्यावर काम करणारा देह टिकणार नाही. मुंबई इलाख्यात १८७७ च्या जानेवारीत लाखावर मजुरांनी दुष्काळी कामे सोडून दिली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारापुढे लावून धरली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी ह्यांनी त्या काळात तालुक्यातालुक्यांतून माहिती गोळा करून जी निवेदने धाडली, ती आजही एखाद्या जिल्हाधिकाऱ्याने वाचण्याजोगी आहेत. त्या दुष्काळात आणि त्यापाठोपाठच्या रोगांत दगावलेल्यांचा अंदाज पन्नास लाखांच्या वर जातो. त्याच १८७७ साली टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले.

टेंपल ह्यांना दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. बिहारात माणसे जगविणारा आणि दख्खनमध्ये पौंड मोजणारा मनुष्य एकच होता. बदलला होता तो वरिष्ठांकडून मिळालेला धडा. आपल्या कोणत्या कृत्याबद्दल ठपका आला आणि कोणत्या कृत्यानंतर बढती आली, हे चाकर फार लवकर शिकतो. त्यासाठी परिपत्रक काढावे लागत नाही. पुढे सर रिचर्ड स्ट्रेची ह्यांच्या आयोगाने १८८० साली अहवाल दिला, १८८३ साली दुष्काळसंहितेचा नमुना तयार झाला, आणि उपाशी माणसाला काम देणे ही अधिकाऱ्याची मेहरबानी न राहता निदान कागदोपत्री त्याचे कर्तव्य झाले. अशोकाची वाट इंग्रजांनी दोन हजार वर्षांनी, आणि लक्षावधी प्रेतांनंतर, अशी धरली.

इंग्रजी अमदानीतील पदव्यांविषयी फार बोलण्यात अर्थ नाही. रावसाहेब, रावबहादूर ह्या किताबांच्या याद्या निघत, त्यांत काही सज्जन असत, काही नुसतेच राजनिष्ठ. १९०० साली ‘कैसर-इ-हिंद’ नावाचे पदक लोकसेवेसाठी म्हणून काढण्यात आले. पंडिता रमाबाईंना ते मिळाले. गांधीजींनाही १९१५ साली मिळाले आणि १९२० साली त्यांनी ते परत केले. सन्मान देणाऱ्याच्या हाताला जर रक्त लागलेले दिसले, तर घेणाऱ्याला त्याचे ओझे होते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

स्वतंत्र भारताने मात्र ह्या विषयात एक लहानशी पण विचारपूर्वक केलेली तरतूद ठेवली आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. १९६१ साली ‘जीवन रक्षा पदक’ सुरू झाले. बुडणाऱ्याला, आगीत वा दरडीखाली सापडलेल्याला वाचविणाऱ्या कोणाही स्त्रीपुरुषाला ते मिळू शकते. परंतु सैनिक, पोलीस आणि अग्निशामक दलातील माणसे ह्यांच्याविषयी नियम असा की, त्यांनी ते कृत्य आपल्या कर्तव्याच्या बाहेर केलेले असले पाहिजे. ह्या अटीचा अर्थ लावू गेले की मनुष्य विचारात पडतो. अग्निशामक दलाचा जवान कामावर असताना धुरात शिरला तर ते त्याचे काम. सुट्टीच्या दिवशी गावच्या विहिरीत उडी टाकली तर ते शौर्य. धोका दोन्हीकडे तितकाच. तरीही नियम करणाऱ्याने काही एक खरी गोष्ट ओळखली होती: पगारात जे बसते ते आणि जे बसत नाही ते, ह्यांचे माप एक नव्हे.

येथे एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. नाव-गाव सांगत नाही. एका लहानशा कोषागारात माझ्या हाताखाली एक कारकून होता. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यावेळी जे अंथरुणाला खिळलेले असत, त्यांच्या घरी हा मनुष्य रविवारी आपल्या मोटारसायकलीवरून, आपल्या पदरचे पेट्रोल जाळून जात असे आणि कागद पुरे करून आणीत असे. कोणी सांगितले नव्हते. एका वर्षी तपासणीत आक्षेप निघाला की नोंदवही परवानगीवाचून कचेरीबाहेर नेण्यात आली. आक्षेप बरोबर होता. त्यावर खुलासा मला करावयाचा होता, आणि मी जो केला तो असा: ‘संबंधितास समज देण्यात आली आहे.’ त्या पाच शब्दांनी आक्षेप मिटला. पुढच्या नोव्हेंबरात तो कारकून रविवारी कोठे गेला नाही. त्याच्या वार्षिक अहवालात ह्या गोष्टीसाठी रकाना नव्हता असे मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. पण अहवालाच्या शेवटी मोकळी जागा असते, आणि ती मी मोकळीच सोडली होती.

असो. हे दुखणे केवळ आपल्याकडचे नाही. गेल्या महायुद्धाच्या तोंडाशी युरोपात जे घडले त्यापुढे माझी नोंदवही फारच क्षुद्र आहे.

स्वित्झर्लंडमधील सेंट गालेन प्रांताच्या पोलिसांचा प्रमुख पाउल ग्र्युनिंगर नावाचा गृहस्थ होता. जन्म १८९१ चा. आधी शाळामास्तर, मग पोलीस. तरुणपणी चांगला फुटबॉल खेळणारा. क्रांतिकारक वगैरे काही नाही. १९३८ च्या मार्चमध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि ज्यू कुटुंबे सीमेकडे धावू लागली. ऑगस्टमध्ये स्विस सरकारने प्रवेशपत्र नसलेल्यांना सीमा बंद केली. आलेल्यांना परत लोटणे हे ग्र्युनिंगरचे नेमून दिलेले काम. त्याने त्यांना आत घेतले, आणि कागदांवर त्यांच्या येण्याची तारीख मागे घातली, म्हणजे बंदीच्या आधी ते आले असे दिसावे. असे त्याने शेकडो लोकांच्या बाबतीत केले. काहींच्या गणनेने हा आकडा हजारांत जातो.

तारीख मागे घालणे! कचेरीत काम करणाऱ्या कोणालाही ह्या गुन्ह्याचे वजन सांगावे लागत नाही. १९३९ साली त्याला बडतर्फ करण्यात आले आणि निवृत्तिवेतनही गेले. १९४० साली न्यायालयाने कर्तव्यभंग आणि दस्तऐवजातील खोटेपणा ह्यांबद्दल त्याला तीनशे फ्रँक दंड केला. त्यानंतर तीस वर्षे हा मनुष्य पावसाळी कोट विकणे, मोटार चालविण्यास शिकविणे, शाळेत बदली मास्तर म्हणून उभे राहणे असल्या कामांवर जगला. १९७० साली प्रांत सरकारने त्याला आभाराचे पत्र धाडले. आभाराचे, शिक्षा मागे घेतल्याचे नव्हे. १९७१ साली जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने त्याचा गौरव केला, आणि १९७२ च्या आरंभी तो वारला. कायद्याच्या दृष्टीने तो मरताना गुन्हेगारच होता.

बोर्दो येथील पोर्तुगालचे वाणिज्यदूत आरिस्तिदेस द सोझा मेंदेस ह्यांची कथा ह्याच चालीची आहे. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स कोसळत असताना त्यांनी सालाझारच्या स्पष्ट मनाईविरुद्ध निर्वासितांना प्रवेशपत्रे दिली. त्यांच्याकडे आधी आलेल्या एका रब्बीला आणि त्याच्या कुटुंबाला ती ते देऊ करीत होते. रब्बीने सांगितले की इतरांना सोडून मी घेणार नाही. मेंदेस काही दिवस आजारी होऊन अंथरुणास खिळले. उठले ते सर्वांना देण्याचा निश्चय करूनच. मायदेशी त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली, चौदा मुलांच्या ह्या बापाची नोकरी संपली, आणि १९५४ साली लिस्बनच्या एका धर्मादाय रुग्णालयात अत्यंत दारिद्र्यात त्यांचा अंत झाला. १९८८ साली पोर्तुगालच्या संसदेने त्यांना निर्दोष ठरविले. २०२१ साली राष्ट्रीय स्मारकमंदिरात त्यांचे नाव कोरले गेले.

त्याच वर्षी लिथुआनियातील कौनास शहरात दोन माणसांनी मिळून आणखी एक दार उघडले. यान झ्वार्तेंडाइक हा फिलिप्स कंपनीचा तेथील प्रमुख. रेडिओ विकणे हा त्याचा खरा व्यवसाय. हॉलंडचे वाणिज्यदूतपद त्याच्याकडे काही आठवड्यांपुरतेच आले होते. त्याने निर्वासितांच्या कागदांवर लिहून दिले की कुरासाव बेटावर जाण्यास प्रवेशपत्र लागत नाही. ‘परंतु गव्हर्नरची अनुमती लागते’ हा वाक्याचा उत्तरार्ध त्याने तेवढा गाळला. ते कागद घेऊन लोक जपानी दूत चिउने सुगिहारा ह्यांच्या दारी गेले. पुढील देशाची परवानगी आणि पुरेसा पैसा असल्यावाचून कोणाला वाट देऊ नये, असे त्यांच्या खात्याचे निर्देश होते. त्यांनी कचेरी बंद होईपर्यंत हातांनी लिहून दोन हजारांहून अधिक परवाने दिले, आणि एकेका परवान्यावर सारे कुटुंब निसटले. १९४७ साली त्यांना नोकरी सोडावी लागली. कारण सांगण्यात आले ते नोकरकपातीचे. जपानच्या परराष्ट्रखात्याने त्यांचा मान अधिकृतपणे परत दिला तो २००० साली, त्यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी. अर्धे वाक्य गाळणाऱ्या रेडिओ-विक्रेत्याची दखल तर त्याहून उशिरा आणि त्याहून हळू आवाजात घेतली गेली.

ह्या चौघांतील एकालाही आपण गौरवास पात्र काही करीत आहोत असे वाटलेले दिसत नाही, आणि त्यांच्या वरिष्ठांनाही वाटले नाही. ह्याचे कारण केवळ वरिष्ठांचा कोतेपणा असे म्हणून भागणार नाही. प्रत्येक अधिकारी आपल्या दयेप्रमाणे तारखा मागे घालू लागला, तर उद्या दुसरा कोणी आपल्या द्वेषाप्रमाणे त्या पुढे घालील. नियम असतो तो ह्यासाठीच. ग्र्युनिंगरला पदक देणे म्हणजे त्याने मोडलेला नियम चुकीचा होता असे सरकारने स्वतःविषयी कबूल करणे. माणसाला हे जड जाते, मग राज्याला तर पिढ्या लागतात. पदक देणे सोपे असते तेथे, जेथे विहिरीत उडी टाकलेली असते. विहीर कोणी खणली नसते.

सेंट गालेनमध्ये ग्र्युनिंगरच्या निर्दोषतेसाठी केलेले अर्ज वर्षानुवर्षे फेटाळले गेले. १९९३ साली स्टेफान केलर ह्या पत्रकाराने जुनी दप्तरे चाळून त्या प्रकरणावर पुस्तक लिहिले, आणि त्याच वर्षी प्रांत सरकारने त्याचे नाव राजकीय दृष्ट्या शुद्ध केले. १९९५ साली सेंट गालेनच्या ज्या न्यायालयाने त्याला दंड केला होता, त्याच न्यायालयात खटला पुन्हा उभा राहिला. आरोपी जाऊन तेवीस वर्षे झाली होती. न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. मग पैशाचा प्रश्न आला: तो बडतर्फ झाला नसता तर त्याला जे वेतन आणि जे निवृत्तिवेतन मिळाले असते, त्याचे काय? १९९८ साली प्रांताच्या विधिमंडळाने हिशेब करून सुमारे तेरा लाख फ्रँक मंजूर केले. ह्या वेळी विठू महाराला जावे लागले नाही. रक्कम सरकारने आपल्याच खजिन्यातून मोजली, आणि वारसांनी ती स्वतःजवळ न ठेवता ग्र्युनिंगरच्या नावाच्या न्यासात भरली.